शिंद्यांचे आफ्रिकी सिंह

ग्वाल्हेर संस्थानातून सिंह केव्हाच नाहीसा झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराज माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणविले आणि कुनोच्या अरण्यात, डोबकुंड येथे, उंच दगडी भिंतींआड ठेविले. तेथे त्यांना आयते भक्ष्य मिळे. पुढे मोकळे सोडताच ते गुराढोरांवर, आणि मग माणसांवरही तुटून पडले. यात नवल ते काय? माणसाच्या हातून पोसलेल्या श्वापदाला माणसाचे भय उरत नाही. हौस राजाची, किंमत दिली ती खेडुतांनी.

आज राजे नाहीत, हौस मात्र आहे. कोणी मकाऊ पोपट पाळतो, कोणी इग्वाना नावाचा मोठा सरडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडील रानपोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही. परदेशी प्राणी मात्र त्यातून निसटले होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि धोक्यात आलेल्या परदेशी जातींची नोंदणी सक्तीची झाली. पण नोंद झाली म्हणून इग्वाना वाढावयाचा थांबत नाही. वीतभर पिल्लू चार-पाच फुटांचे होते, घरात मावेनासे होते. आणि मग एखाद्या रात्री मालक त्याला पोत्यात घालून तळ्याकाठी सोडून येतो.