कोलेस्टेरॉलची गोळी आणि मनःस्थिती

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी आता मलकपेठेतील स्टाफरूममध्येही डब्याशेजारी दिसते. 'गोळी सुरू झाल्यापासून विद्यार्थ्यांची नावे आठवत नाहीत, चिडचिड होते' म्हणून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती परस्पर बंद केली.

या तक्रारीत तथ्य किती? शरीरातील कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पंचमांश मेंदूत असते; पण मेंदू ते रक्तातून घेत नाही, स्वतःच तयार करतो. म्हणून रक्तातील पातळी उतरली की मेंदूतीलही उतरते, असे नाही. मात्र सिम्वास्टॅटिनसारखी चरबीत विरघळणारी औषधे काही अंशी मेंदूत शिरू शकतात; शंकेला जागा आहे ती इथेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये विस्मरण व गोंधळ यांची नोंद माहितीपत्रकात करावयास लावली, परंतु औषध थांबविल्यावर ते जातात, असेही नमूद केले. उलट ७० ते ८२ वयाच्या ५८०४ व्यक्तींवरील 'प्रॉस्पर' चाचणीत (२००२) प्रावास्टॅटिनने बुद्धी मंदावल्याचे आढळले नाही. स्वभावाबाबत चित्र गुंतागुंतीचे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत स्टॅटिनमुळे पुरुषांतील आक्रमकता सर्वसाधारणपणे घटली, तर पाळी थांबलेल्या स्त्रियांत वाढली.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल वाढते आणि विस्मरण, उदासीनताही येते. तेव्हा गोळीला दोष देण्यापूर्वी ती तपासणी व्हावी. तक्रार कोणत्या महिन्यापासून सुरू झाली ते लिहून डॉक्टरांना दाखवावे. गोळी थांबवून पाहायची की बदलायची, हे त्यांनी ठरवावे. आमच्या सहकाऱ्यांना तर हृदयविकाराचा एक झटका आधीच येऊन गेला होता.