खुराड्यातील उतरंड आणि नवागत कोंबड्या

ब्रिटनमधील अंडी-उत्पादक कोंबडी सुमारे दीड वर्षाची झाली की तिचे पालनपोषण व्यावसायिक हिशेबास परवडेनासे होते, आणि सारा कळप एकाच वेळी कत्तलीस पाठविला जातो. अशांपैकी काही कोंबड्या शेतकऱ्यांकडून घेऊन त्या घरगुती पालकांच्या स्वाधीन करण्याचे कार्य तेथील काही संस्था करतात. जेन हॉवर्थ यांनी २००५ साली स्थापन केलेली संस्था त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. परंतु ज्या परसात आधीच पाच-सहा कोंबड्या नांदत आहेत तेथे ह्या नवागतांना एकाएकी सोडले, तर पहिल्याच दिवशी रक्तपात होण्याचा संभव असतो. तो का होतो, हा प्रश्न पशुपालनाचा आहे तितकाच ओळखीचा व खुणांचा, म्हणजे चिन्हव्यवहाराचाही आहे.

कोंबड्यांच्या समूहातील वर्चस्वक्रमाचे पहिले शास्त्रीय विवेचन नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. कोण कोणास टोचते, ह्याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. त्यावरून रूढ झालेला ‘टोचण्याचा क्रम’ हा शब्दप्रयोग पुढे मनुष्यांच्या कचेऱ्यांनाही लागू झाला. तथापि तो काहीसा फसवा आहे. क्रम म्हटला की एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे येते. वस्तुतः ‘क’ कोंबडी ‘ख’ला टोचते, ‘ख’ ‘ग’ला टोचते आणि ‘ग’ मात्र उलट ‘क’ला टोचते, असे त्रिकोणही आढळतात. सारांश, दर्जा हा एकट्या कोंबडीचा गुण नसून दोन कोंबड्यांमधील, उभयतांच्या स्मरणात राहिलेला संबंध आहे. एकदा तो ठरला की मान किंचित उचलणे वा बाजूस सरणे एवढ्यानेच काम भागते. प्रत्यक्ष झुंजीचे कारण उरत नाही.

हे ध्यानी घेतले म्हणजे नवागतांची अडचण उघड होते. सहा कोंबड्यांच्या समूहात १५ जोड्या असतात व त्यांचे संबंध ठरलेले असतात. तेथे चार नव्या कोंबड्या येताच २४ अनिर्णीत जोड्या एकदम निर्माण होतात. नवागत परस्परांस अपरिचित असल्यास त्यांच्यातील सहा जोड्यांची आणखी भर पडते.

शिवाय दोन्ही पक्षांचे पूर्वजीवन भिन्न असते. लहान समूहात प्रत्येक कोंबडी दुसरीस व्यक्तिशः ओळखते. ही ओळख मुख्यत्वे मस्तक, तुरा व मान ह्यांवरून पटते. हजारोंच्या कळपात अशी ओळख ठेवणे शक्य नसते. तेथे अपरिचितांविषयी एक प्रकारची सहिष्णुता आढळते. अर्थात् घरची कोंबडी परकीस तत्काळ हेरते; नवागत कोंबडीस मात्र परकेपणाची ही कल्पनाच अंगवळणी पडलेली नसते. त्यातच तिची पिसे झडलेली, तुरा फिकट व लोंबता, आणि चोचीचे टोक बहुधा पिलूपणीच कापलेले असते. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे उघडे-बोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून निषिद्ध केले. तथापि त्यांच्या जागी आलेल्या सुविधायुक्त पिंजऱ्यांतही एका कोंबडीस किमान ७५० चौरस सेंटिमीटर एवढीच जागा विहित आहे. सतत अंडी घातल्याने तिच्या हाडांतील चुना कमी झालेला असतो. म्हणून साधी झटापटही तिच्या हाडांवर बेतू शकते.

यावरील उपाय वरील विवेचनातूनच निघतो : स्पर्श होण्यापूर्वी दर्शन घडावे. तथापि त्याहीपूर्वी एक पायरी असते. बाहेरून आलेल्या पक्ष्यांबरोबर श्वसनविकार किंवा रक्त शोषणारी तांबडी कीड येऊ शकते. उलट, परसातील जंतही नवागतांना नवे असतात. म्हणून प्रथम दोन ते चार आठवडे त्यांना सर्वस्वी निराळे ठेवणे इष्ट. दयेपोटी हा काळ आखडता घेतला तर त्याची किंमत घरच्या कोंबड्यांना मोजावी लागते. त्यानंतर मधे केवळ जाळी ठेवून दोन्ही समूहांना शेजारी नांदू द्यावे. पुढे मोकळ्या आवारात थोडा थोडा वेळ एकत्र सोडावे. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी मांडावे आणि कमजोर कोंबडीस आड जाता येईल असे आडोसे ठेवावेत. नवी कोंबडी एकटी कधीही आणू नये, कारण मग सर्वांचा रोख तिच्यावरच राहतो. रात्री दांडीवर शेजारी बसविणे उपयुक्त ठरते, पण तेवढ्याने काम संपत नाही. उजाडताच जोड्यांचे निर्णय होऊ लागतात.

साध्या टोचाटोचीत पालकाने पडू नये. मात्र रक्त दिसताच जखमी कोंबडी बाजूस काढावी, कारण तांबडा रंग इतरांना पुन्हा पुन्हा टोचण्यास प्रवृत्त करतो. परंतु तिला दृष्टिआड ठेवू नये. कोंबडीच्या स्मृतीस मर्यादा आहे. काही आठवडे दूर राहिलेली कोंबडी आपल्याच समूहात परकी होऊन परतते, आणि मिटलेला तंटा पुन्हा उभा राहतो.

असा समूह पुढे समतेने नांदेल, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. नवागत बहुधा खालच्या स्थानी राहतात, आणि त्यांचे उरलेले आयुष्यही पुष्कळदा अल्पच असते. परंतु खालच्या स्थानावरील कोंबडीस पोटभर दाणा, धुळीत लोळण्यास जागा आणि रात्री दांडीवर निर्धास्त झोप मिळू शकते. तिचे स्थान निश्चित होईपर्यंत तिला जिवंत राखणे, हेच पालकाचे खरे काम होय.