पाऊस, भरती आणि माझी फ्लाइट

सुट्टी म्हटलं की आपल्याला ऊन लागतं. गोवा, थायलंड, गेलाबाजार अलिबाग! मी मात्र जूनमध्ये आपला पाऊस सोडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा पावसातच भिजायला गेले. ग्लासगोतल्या मावसभावाची २८ फुटी शिडाची बोट आहे. 'चल चार दिवस, आर्ड्रिशेगहून ओबनला', तो म्हणाला आणि मी निघाले. (वहिनी का येत नाही, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.)

झोपायची जागा म्हणजे थेट आपला साइड अप्पर बर्थ. मोजे कायम ओले. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. बारीक, आडवा, दिवसभर अंगाला चिकटून राहतो. मग दहा मिनिटं ढग फाटतात, खडकावर लोळणारे सील दिसतात आणि सगळं माफ!

सुरुवात १८०१ साली सुरू झालेल्या क्रिनन कालव्यातून. लांबी ९ मैल, लॉक्स १५. बरीचशी दारं हातानं ढकलायची. जिमचे पैसे वसूल.

तिसऱ्या दिवशी क्रिननला अडकलो. नैर्ऋत्येचा जोरदार वारा, त्यात उधाण.

'दादा, परवा पहाटे माझी फ्लाइट आहे.'

'मग टॅक्सी करून जा. बोट आज निघणार नाही.'

मी तोंड फुगवून बर्थवर पडले. शेवटी त्यानं चहा दिला आणि नकाशा उघडला. पुढे डोरस मोर नावाची चिंचोळी वाट. उधाणाला तिथे पाणी सात-आठ नॉटनं धावतं. आमची बोट पाच नॉटची, म्हणजे ताशी जेमतेम नऊ किलोमीटर. प्रवाह उलटा असेल तर इंजिन चालू ठेवूनही आपण मागेच जाणार. बरोबर दिशेचा असला आणि वारा समोरून आला, की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. शिवाय डावीकडे जुरा आणि स्कार्बा बेटांच्या मधे कोरीव्रेकनचा भोवरा. भरतीचं पाणी तिकडेच ओढतं.

जुरावर '१९८४' लिहीत असताना १९४७ मध्ये जॉर्ज ऑरवेल याच भोवऱ्यात सापडला होता. भरतीची वेळ चुकली, बोटीचं इंजिन निखळून समुद्रात गेलं, बोट उलटली. सोबत तीन वर्षांचा मुलगा. सगळे कसेबसे एका खडकावर चढले. लॉबस्टर पकडणाऱ्या कोळ्यांनी त्यांना सोडवलं.

मी फ्लाइटचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. पाऊस होताच. साडेनऊच्या सुमारास प्रवाह वळला आणि आम्ही निघालो. डोरस मोरमध्ये जीपीएसवर आकडा चढत गेला... सात, नऊ, अकरा! आजूबाजूला पाणी उकळल्यासारखं गुळगुळीत फुगत होतं. डावीकडे धुक्यात ती खिंड दिसली. दादा सुकाणूवर एक शब्द बोलत नव्हता. मीही नाही.

दुपारी ओबन, संध्याकाळी ग्लासगोची ट्रेन. तुम्हाला जायचं असेल तर मे महिना बघा. पाऊस त्यातल्या त्यात कमी, चावऱ्या चिलटांचा त्रासही कमी. बोटीचा अनुभव नसेल तर स्किपरसकटच बोट भाड्यानं घ्या. आणि परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

फ्लाइट मिळाली. बूट मात्र मुंबईत उतरेपर्यंत ओलेच होते.