यंत्र बनले, व्यवसाय कसा बनेल?

नंदुरबारची ओली लाल मिरची उघड्या पथारीवर वाळवतात. अवकाळी पावसात माल भिजला की प्रत व भाव दोन्ही उतरतात. सौर वाळवणी यंत्र हा त्यावर उपाय आहे. परंतु नुसते यंत्र पुरेसे नाही.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांच्या गटाच्या अशा यंत्रास २०१३ मध्ये डेलच्या सामाजिक नवोपक्रम स्पर्धेत पारितोषिक मिळाले. पुढे त्यांच्या ‘सायन्स फॉर सोसायटी’ कंपनीने महिला शेतकऱ्यांना यंत्रे पुरवली आणि वाळवलेला माल विकत घेऊन खाद्य उद्योगांना विकला. व्यवसाय उभा राहिला तो असा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बाजाराचा हा धडाही द्यावयास हवा.

शेतकरी बंधूंनो, विद्यार्थी यंत्र घेऊन बांधावर आल्यास तीन प्रश्न जरूर विचारावेत: किलोमागे वाळवणीचा खर्च किती? दुरुस्ती कोण करणार? वाळलेला माल कोण घेणार?