कागदावर मांडलेला रौप्यमहोत्सव

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक जाड फाइल आहे, तिच्यात देशोदेशीची मेनूकार्डं आहेत. थोडी मी स्वतः आणलेली, बरीचशी नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणीने पाठवलेली. खामगावात भूगोल शिकवता शिकवता हा नाद लागला. एखाद्या मुलखाचं पीकपाणी नकाशात दिसतं तसंच तिथल्या जेवणाच्या यादीतही दिसतं, हे एकदा लक्षात आलं आणि पुढची वीस वर्षं यादी दिसली की मी वाचतच सुटले. त्यामुळे चिखली, मेहकर, मलकापूर, कुठून ना कुठून फोन येतात. "मॅडम, लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, यंदा बाहेरदेशी चाललोय. त्या दिवशी जेवायला कुठे जावं? खर्च बेताचा हवा, पण आठवण राहिली पाहिजे."

जेवणाच्या यादीला दोन रकाने असतात. डावीकडे पदार्थांची नावं, उजवीकडे किमती. जिथे उजव्या रकान्याची धास्ती न घेता डावा रकाना वाचता येतो, ते टेबल निवडावं. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे.

हे मी ठेच लागून शिकले. एका जुन्या परदेशवारीत आम्ही लग्नाचा वाढदिवस एका प्रसिद्ध वास्तूसमोरच्या उपाहारगृहात साजरा केला. खिडकीजवळचं टेबल, पांढरीशुभ्र चादर, मेणबत्ती. यादी हातात आली आणि माझी नजर थेट उजव्या रकान्यात गेली. एक सूप दोघांत घेतलं. न मागता आलेला पाव बिलात वेगळा लागला. आमचे हे जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलेले, त्यांनी निमूट पैसे मोजले. परतीच्या वाटेवर दोघंही गप्प होतो. पैसे गेल्याचं दुःख थोडंच होतं. तासभर समोरासमोर बसूनही आम्ही एकमेकांकडे पाहिलंच नव्हतं, ते लागलं.

जगभरच्या रीती एका दमात सांगते. इटलीत माणशी 'कोपेर्तो' नावाचा बैठकीचा आकार लागतो. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, खाल्लं तर पैसे पडतात, नको असेल तर परत करावं. अमेरिकेत बिलावर पंधरा ते वीस टक्के बक्षिसी धरूनच चालावं, जपानमध्ये बक्षिसी देऊच नये. सिंगापूरच्या हॉकर सेंटर्सची खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, तिथे थोड्या पैशात जिवाची चंगळ होते. आता मला जिथे रमायचं आहे तिथे जाऊ द्या, म्हणजे पॅरिसला.

पॅरिस म्हटलं की लोक खिशाला हात लावतात. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, जमिनीपासून सव्वाशे मीटर उंचावर 'जूल व्हर्न' हे रेस्टॉरंट आहे, तिथे आपल्यासारख्यांनी जाऊ नये हे खरंच. पण आयफेल टॉवर खालून बघायला पैसे पडत नाहीत आणि अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लखलखतो तोही फुकटच. खर्च टेबलाचा असतो, आणि त्या टेबलावर याच शहराने फार जुना तोडगा काढून ठेवला आहे. त्याचं नाव 'बुयाँ'.

बुयाँ म्हणजे उकळून काढलेला रस्सा. 'रेस्टॉरंट' हा शब्दही मुळात रश्शाचाच आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये गेलेली ताकद परत आणणारा रस्सा विकत, त्या रश्शाला 'रेस्तोराँ' म्हणत. आपण आजाऱ्याला मुगाचं कढण देतो, त्यातलाच प्रकार. पुढे नाव वाटीवरून दुकानाला चिकटलं. १८५५ च्या सुमारास द्युव्हाल नावाच्या खाटकाने मोठ्या बाजारालगत स्वच्छ, ठरल्या दराची खानावळ काढली. मांसाचे उंची तुकडे श्रीमंतांकडे जात, उरलेल्याचा तो रस्सा करी आणि बाजारातल्या कष्टकऱ्यांना स्वस्तात वाढी. त्याचं बघून पॅरिसभर बुयाँ निघाले.

हे वाचताना मला दर वेळी आमचा कापूस बाजार आठवतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आला. म्हणजे तिकडे हमाल द्युव्हालचा रस्सा पीत होते तेव्हा इकडे आमचे गाडीवान कापसाच्या गाडीखाली सावलीला बसून भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडत होते. बाजार कुठलाही असो, पोटभर आणि परवडेल असं जेवण आधी राबणाऱ्यांना लागतं आणि शहराची खरी चव तिथेच तयार होते. शेगावची कचोरी नाही का रेल्वेच्या प्रवाशांनीच देशभर नेली?

या बुयाँमधलं माझं लाडकं म्हणजे 'शार्तिए'. फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर, १८९६ पासून. ८ जून २०२३ ला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता. पण तो दिवस गुरुवार होता. शेगाव ज्यांच्या उशाशी आहे त्यांना गुरुवार समजावून सांगावा लागत नाही. गजानन महाराजांचा वार, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि आम्ही निघालो होतो रश्शाच्या खानावळीत.

रस्त्यावरून आत बोळ, पुढे चौक, चौकात रांग. शार्तिएची रीत रांगेचीच. शेगावच्या दर्शनबारीची सवय असलेल्यांना ती रांग जाणवतही नाही. दार ओलांडलं आणि मी थबकले. उंच काचेचं छत, मोठमोठे आरसे, गोल दिव्यांचे झुबके, आणि टेबलांच्या वर पितळी दांड्यांच्या फळ्या, अगदी आगगाडीच्या डब्यात सामान ठेवायला असतात तशा. टोप्या-कोट ठेवायला केलेल्या. ह्यांनी पिशवी वर टाकली आणि सवयीने दोनदा दाबून पाहिली.

भिंतीला एक लाकडी कपाट होतं, त्याला आकडे घातलेले छोटे छोटे खण. पूर्वी रोज जेवायला येणारी गिऱ्हाइकं आपापला रुमाल त्या खणात ठेवून जात. ते पाहून माझे वडील आठवले. लग्नाआधी ते खानावळीत जेवत, तिथे कायमच्या मेंबरांच्या तुपाच्या बरण्या फळीवर ओळीने असत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. तुपाची बरणी काय आणि रुमालाचा खण काय, परक्या गावात आपली म्हणून हातभर जागा असली की माणसाला बरं वाटतं.

काळं जाकीट, पांढरा लांब एप्रन घातलेला वाढपी आला. टेबलावर कागदाची चादर. आम्ही सांगितलं ते त्याने पेनाने त्या कागदावरच लिहून घेतलं. मी घोकून आणलेलं वाक्य म्हटलं, "साँ व्याँद, साँ प्वासों", मांस नको, मासे नकोत. बोट उंचावून अंडंही नको असं सांगितलं. त्याने यादीवर पटापट टिचक्या मारल्या. किसलेल्या गाजराची कोशिंबीर, व्हिनेगरमध्ये मुरवलेली लांब कांद्यासारखी 'प्वारो', बिनमांसाचा एकच मुख्य पदार्थ होता तो दोघांना, आणि शेवटी चेस्टनटचा गोड लगदा, वर घुसळलेली साय. सूप टाळलं, कारण फ्रेंच सुपाचं पाणी बहुधा मांसाचंच असतं. शाकाहारी मंडळींनी सॅलडमधल्या 'लार्दों' या शब्दावरही नजर ठेवावी, ते डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

गंमत अशी की किमती इतक्या साध्या होत्या, उजवा रकाना मी विसरूनच गेले. शेजारी एक म्हातारं जोडपं आमच्याच टेबलावर बसवलं होतं, कारण तिथे जागा मिळेल तिथे बसायचं. ते एकच बशी मध्ये ठेवून दोन काट्यांनी खात होते. मला आमच्या लग्नानंतरचा पहिला प्रवास आठवला. शेगाव स्टेशनवर एका कागदावर दोन कचोऱ्या, सोबत तळलेली मिरची, आणि गाडीने शिटी दिल्यावर उरलेला तुकडा ह्यांनी माझ्या हातात कोंबला होता. पंचवीस वर्षांनी परत तसंच गर्दीत, तसंच कागदावर जेवत होतो.

जेवण झालं. वाढप्याने त्याच कागदावर आकडे मांडले आणि क्षणात बेरीज केली. ह्यांनी उलट्या बाजूने, ओठ हलवत ती तपासली. "पाय वं," खूश होऊन म्हणाले, "पै चुकली नाही." दोघांचे मिळून ३७ युरो. युरोला शंभर रुपये धरले तर पावणेचार हजारही नाहीत. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलात एका संध्याकाळी याहून जास्त जातात.

कुजबुज करायची असेल तर मात्र शार्तिए नको, तिथे गलका असतो. निवांतपणा हवा त्यांनी 'बुयाँ ज्युलियाँ' बघावं. १९०६ सालचा दिवाणखाना, हिरव्या भिंती, वेलबुट्टीचं काम, ऋतूंच्या रूपात रंगवलेल्या स्त्रिया. तिथे आधी जागा राखून ठेवता येते. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी गेलो, आणि तो खर्चही आवाक्यातला निघाला.

दुसरीकडे कुठे जायचं झालं तर दुपारचं जेवण निवडा. तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, पण दुपारी 'फॉर्म्युल' म्हणून दोन-तीन पदार्थांचं ठरल्या दराचं जेवण असतं, रात्रीपेक्षा बरंच स्वस्त. 'प्ला द्यु झूर' म्हणजे आजचा पदार्थ, तो डोळे मिटून घ्यावा. शब्दांत फसू नका. फ्रान्समध्ये 'मेनू' म्हणजे ठरल्या दराचं अख्खं जेवण, यादीला 'कार्त' म्हणतात, आणि 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेसारखा मुख्य नव्हे. दर बाहेर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून दारातच निवांत वाचा. घराचं छप्पर असलेल्या भांड्याचं चित्र दिसलं तर पदार्थ तिथेच रांधलेला आहे असं समजा. ती खूण २०१४ पासूनची. पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, नळाचं स्वच्छ पाणी फुकट मिळतं. बाटली घेतली तर पैसे पडतात. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, चार नाणी ठेवलीत तर खुशीची. आणि कार्डाच्या यंत्राने युरो की रुपये विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दर त्यांच्या सोयीचा लागतो.

जागा राखताना आणखी एक. फ्रेंचमध्ये 'आनिव्हेर्सेर' म्हणजे जन्मदिवसही आणि लग्नाचा दिवसही, आपल्या 'वाढदिवसा'सारखंच. नुसतं तेवढं लिहिलंत तर ते उत्सवमूर्ती एकच समजून मेणबत्ती आणतील. म्हणून 'मारियाझ' हा शब्द जोडावा. पंचविसाव्याला तर त्यांच्याकडे सुंदर नाव आहे, 'नोस दार्झाँ', चांदीचं लग्न. 'आर्झाँ' म्हणजे चांदी आणि 'आर्झाँ' म्हणजेच पैसा. आपला रुपयाही 'रूप्य' म्हणजे चांदीवरूनच आला. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. चांदीच्या पेठेत वाढलेल्या मला हे कळलं तेव्हा फ्रेंच एकदम घरची भाषा वाटली.

ह्यांनी त्या पेठेतूनच जोडवी घडवून आणली होती, मला न सांगता. शार्तिएच्या टेबलाखाली वाकायला जागा नव्हती. संध्याकाळी आम्ही सीन नदीवरच्या 'पों देझार' या पायी पुलावर गेलो. प्रेमिकांनी या पुलाच्या जाळीला इतकी कुलपं लावली, की भाराने २०१४ मध्ये एक भाग कोसळला आणि २०१५ मध्ये ती सगळी काढून टाकली. मला ते बरंच वाटलं. गाठ कुलपाने राखायची नसते. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्या उजेडात बाकावर बसून मी जुनी, झिजून पातळ झालेली जोडवी काढली आणि नवी घातली. ह्यांनी जुनी जोडवी हिशेबाच्या कागदाच्या तुकड्यात गुंडाळली. आम्ही मागितल्यावर वाढप्याने तो कोपरा फाडून दिला होता.

तो तुकडा आता फाइलीत आहे, सगळ्या मेनूकार्डांच्या वर. त्यावर डावा रकाना आहे, उजवा आहे, गाजराच्या रसाचा एक डाग आहे. ८ जून आला की हे तो काढतात, चष्मा लावतात आणि बेरीज पुन्हा करून बघतात.