हिरवा दिवा, मुका स्पीकर

समोरचा डिजिटल वॉकीटॉकी कुठल्या जातीचा आहे, हे कळायला महागडं उपकरण लागत नाही. जुना एफएम हँडसेट घ्यायचा, खरखर दाबून टाकणारा स्क्वेल्च पूर्ण उघडायचा आणि डिजिटल सेटचं पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबायचं. सेट डी-स्टार पद्धतीचा असेल तर सलग, दाट खरखर ऐकू येते. डीएमआरचा असेल तर तीच खरखर टरर्र करत तुटक तुटक येते. कान सरावला की चूक होत नाही.

ती तुटकता म्हणजेच डीएमआर. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर ३०-३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. हँडसेट एका तुकड्यात बोलतो, पुढच्यात गप्प बसतो. सेकंदाला सोळा-सतरा वेळा हे चालतं. तो गप्प असतो ती वेळ दुसऱ्या संभाषणाची. एका नळावर दोन बिऱ्हाडांनी वेळ वाटून पाणी भरावं, तसं. एनएक्सडीएन आणि डीपीएमआर या पद्धतींनी वेळ वाटण्याऐवजी नळच बारीक केला: ६.२५ किलोहर्ट्झचा चॅनल, पण अखंड स्वतःचा. माझं मत डीएमआरला. एका रिपीटरवर, एकाच अँटेनातून दोन संभाषणं होतात आणि हँडसेट निम्मा वेळ प्रक्षेपण करत नसल्याने बॅटरीही टिकते. टेट्रा २५ किलोहर्ट्झमध्ये चार वाटे घालते. दिल्ली मेट्रोचा रेडिओ तिच्यावर चालतो. अमेरिकेतल्या पोलीस-अग्निशमन दलांची पी-२५ पहिल्या टप्प्यात सलग होती, दुसऱ्यात तिनेही दोन वाटे केले.

परवा हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, नवं लायसन्स मिळालेला एक मुलगा मित्राला घेऊन आला. याच्याकडे डी-स्टारचा सेट, मित्राकडे डीएमआरचा. "काका, दोन्ही डिजिटल, फ्रिक्वेन्सी पण एकच. मग आवाज का येत नाही?"

येणार कसा? जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने घडवलेला डी-स्टार सेकंदाला ४८०० बिट पाठवतो, डीएमआर ९६००. बिट लहरीवर चढवण्याची रीतही निराळी. डी-स्टारमध्ये आपलं कॉलसाइनच आवाजाबरोबर जातं, तर डीएमआरमध्ये हॅमला सात आकडी नंबर घ्यावा लागतो.

बरं, दोघांकडे डीएमआर असता तरी काम झालंच असतं असं नाही. कलर कोड ० ते १५ मधला नेमका तोच हवा, स्लॉट, म्हणजे वेळेचा तुकडा, तोच हवा, टॉकग्रुपही तोच हवा. मी दोन डीएमआर सेट टेबलावर ठेवले आणि एकाच्या कोडप्लगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, कलर कोड १ चा २ केला. दुसऱ्याचं पीटीटी दाबलं. पहिल्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे लहर पोचली. स्पीकर मात्र मुका. नव्या माणसाचे तासन्‌तास इथेच जातात. अँटेना बदलतो, गच्चीवर चढतो, आणि दोष असतो सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्यात.

पोचलेला आवाजही हुबेहूब नसतो. डीएमआरमध्ये व्होकोडर नावाची करामत बोलणं पिळून सेकंदाला २४५० बिटांत बसवते. त्याला जोडून ११५० बिट चुका दुरुस्त करण्यासाठी जातात. ही करामत माणसाच्या बोलण्यासाठीच बेतलेली. बोलताना मागे कुकरची शिट्टी झाली, की पलीकडे भलताच गुळगुळाट ऐकू येतो. आगीत करवतीच्या आणि अलार्मच्या गोंगाटात बोलणाऱ्या अमेरिकी फायरमननी याबद्दल तक्रारी केल्या, त्या उगाच नव्हेत.

शिवाय डिजिटलला विरत जाणं ठाऊक नाही. एफएम दुबळं होतं तेव्हा खरखर वाढते, पण कान देऊन कॉलसाइन पकडता येतं. डिजिटल बराच वेळ स्वच्छ राहतं, मग दोन-चार अक्षरं यंत्रमानवासारखी तुटतात आणि सगळं बंद. सह्याद्रीत घळीत उतरताना मी अजूनही एफएम लावतो. याला कोणी जुनाटपणा म्हणो.

"मग दोघांना जोडता येतच नाही?" मित्राने विचारलं. येतं. डीएमआर आणि एनएक्सडीएन यांचा व्होकोडर एकाच पिढीचा, त्यामुळे हॉटस्पॉट नावाचं छोटं यंत्र नुसती बिटांची मांडणी बदलून एकाचं बोलणं दुसऱ्याला देऊ शकतं. डी-स्टारचा व्होकोडर त्याआधीचा. तिथे आवाज उलगडून पुन्हा बांधावा लागतो, त्यासाठी वेगळी चिप लागते, आणि ती स्वस्त नाही. किंमत ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्ही सेट एफएमवर टाकले आणि एक जण बोलून पाहायला खाली पार्किंगमध्ये गेला.