ओल: जुन्या घरातली आणि नव्या फ्लॅटमधली

भिंतीवर डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही. गच्चीच्या कोब्यात मुरलेलं पाणी स्लॅबवरून उताराकडे सरकतं आणि पार पलीकडच्या खोलीत, पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. वायरिंगच्या आसपास पाणी दिसलं तर आधी त्या खोलीची वीज बंद करावी. बाकी सगळं नंतर.

मग डाग कधी ओलावतो ते पाहावं. फक्त पावसाळ्यात ओलावत असेल तर संशय गच्चीवर, बाहेरच्या भेगांवर किंवा खिडकीच्या चौकटीवर. बारा महिने ओला असेल तर नळ किंवा बाथरूम. जोत्यापासून वर चढून कंबरेच्या आसपास थांबलेला पट्टा आणि त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, असेल तर ती जमिनीतली ओल.

बारमाही ओलीची परीक्षा घरच्या घरी होते. रात्री टाकीत येणारं पाणी आणि घरातले सगळे नळ बंद करून टाकीतल्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकीपासून नळापर्यंतचा पाइप गळतोय. उतरली नसेल, तर सांडपाण्याकडे वळावं: नहाणीच्या जाळीत खाण्याचा रंग मिसळलेलं पाणी ओतून खालच्या डागावर लक्ष ठेवायचं. हे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विश्वासात घेऊनच करावं; भांडण झाल्यावर कुणी बाथरूम दाखवत नाही.

आता जुनं घर. दगड-विटा-चुन्याच्या भिंतीत जोत्यावर ओलरोधक थर, म्हणजे जमिनीतलं पाणी अडवणारा पट्टा, बहुधा नसतोच. बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, पण चुन्याचा गिलावा त्याला वाफ होऊन बाहेर पडू देतो. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ‘मजबुती’साठी कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो किंवा टाइल्स लावतो. वाट बंद झालेलं पाणी आणखी वर चढतं, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजू लागतात. अशा भिंतीला पाणी अडवणारा रंग देणं म्हणजे ओल आत कोंडणं.

तिथला उपाय बाहेरून सुरू होतो. पन्हळ दुरुस्त करावी, भिंतीला टेकलेला फुलझाडांचा वाफा हलवावा, अंगणाचा उतार घरापासून दूर करावा. फरसबंदीचे थर चढत अंगण जोत्याच्या बरोबरीला आलं असेल तर ते खाली घ्यावं. मग सिमेंट काढून भिंत वाळू द्यावी. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा. धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. शेवटी चुन्याचाच गिलावा.

नव्या फ्लॅटमध्ये उलट, पाणी अडवायचंच असतं. बाथरूमचा स्लॅब पाइपांसाठी थोडा खाली घेतलेला असतो आणि वरची पोकळी भर घालून भरलेली असते. नूतनीकरणात टाइल्स फोडताना छिन्नीने तिथला जलरोधक थर फुटतो. तो नव्याने केल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, २४ ते ४८ तास पाणी तुंबवून ठेवायला सांगावं. कंत्राटदाराला घाई असतेच. आपण मागे हटू नये.

गच्चीवर सोलर हीटरच्या स्टँडचे बोल्ट आणि कठड्याच्या मुळाशी तडकलेला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, हे आधी तपासावं. छताला सरळ रेषेत भेग दिसली तर आतली सळई गंजली असण्याची शक्यता मोठी. गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. वरून गिलावा थापून ते थांबत नाही. सैल काँक्रीट काढून सळई साफ करावी लागते, आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करावं.

खर्च कुणाचा? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने, तर गच्चीतून आणि बाहेरच्या सामायिक पाइपांतून होणारी संस्थेने दुरुस्त करायची. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं.

दुरुस्तीनंतर जाड भिंत वाळायला महिने लागतात. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर आत अजून ओल आहे. पुट्टीला हात लावू नये.